अडकवलेलं चाक

मातीचं चाक. काजळाच्या डबीच्या झाकणाएवढं, वाळून पांढरट पडलेलं, कडेला गोजराच्या अंगठ्याचा ठसा... तुरीच्या काडीवर ते घट्ट बसलंय, जागचं हलत नाही. शरयूने पुन्हा एकदा फिरवून पाहिलं, आणि हलत नाही म्हणून तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून लगेच स्वतःची लाजही वाटली.

काल मुलं घरी गेल्यावर तिने अंगणातल्या तुरीच्या काड्यांमधून हुडकून हुडकून ही जाड काडी काढली होती, जुनी बारीक काडी उपसून ही चाकात दाबून बसवली होती. कारण आज उत्तमराव येणार. शाळा भरते तो हा कोठा, कापूस साठवायचा, त्यांचा. पावसाळ्यात रिकामा होता तेव्हा 'घ्या बाई, भरवा तुमची पोरांची शाळा' म्हणून मोठ्या मनाने दिलेला. आणि आता वेचणी जोरात, घरात कापूस मावेना, तेव्हा त्यांना तो परत हवा. त्यात चूक कुणाची? कुणाचीच नाही. जानेफळात दुसरी जागा नाही, देवळात या वीस पोरांचा चिखल कोण चालवून घेईल... कोठा गेला की शाळा गेली, आणि शाळा गेली की शरयूने ट्रंक उचलून मेहकरला वडिलांकडे जायचं, बस्स.

परवाच उत्तमराव दारात उभे राहून म्हणाले होते, "खेळाले शाळा कायले लागते बाई? वावर का कमी हाये? पोरं घरी जाऊन म्हणतात, आमी चाक केलं. पाढे काऊन नाही म्हणत?"

तिच्याजवळ उत्तर होतं, पण ते सांगण्याजोगं नव्हतं. उत्तर म्हणजे गेल्या आठवड्यातली ती दुपार. ज्वारीच्या धांड्यांची बंडी, खेळातली बैलगाडी, करून गोजरा बसली होती, पंजाबरावांची पाच वर्षांची पोर, नाकाला शेंबूड, झिंज्यांत कापसाचे तंतू. आणि बंडीचं चाक फिरेना. तिने त्याला थुंकी लावली, फुंकर मारली, "फिर ना बे!" म्हणून त्याच्यावरच डाफरली. आणि शरयू भिंतीला पाठ लावून उभी, ओठ घट्ट मिटून. सांगायचं नाही. अमरावतीला बालशिक्षणाच्या वर्गाला राहून एवढंच तर शिकली होती ती — न सांगायला. आणि ते पाढ्यांपेक्षा किती अवघड आहे हे या गावात सांगावं तरी कुणाला? मग केव्हातरी गोजराने चाक सोडलं आणि काडीकडे पाहिलं. नुसतं पाहत राहिली. उठली, उंबऱ्याच्या दगडावर काडी घासत बसली, बोटं सोलवटली तरी घासत राहिली, आणि चाक फिरलं. तेव्हा ती हसली नाही, ओरडली नाही, बाईंकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. पुन्हा फिरवलं, पुन्हा. आपण या मुलीला अजिबात नको आहोत, या जाणिवेने शरयूचे डोळे भरून आले होते. इतकं सुख तिला आयुष्यात दुसऱ्या कशानेच झालं नव्हतं.

ते उत्तमरावांना दाखवायचं होतं. एवढंच. फक्त तेच... पण अशी दुपार सांगून थोडीच येते? म्हणून मी चाक अडकवलं. म्हणून मी गोजराला जवळ घेऊन म्हटलं, बाळा, त्या दिवशी केलंस ना, तसंच उद्या करशील? आधी फिरवून बघायचं, मग विचार करायचा, मग काडी घासायची. तिने विचारलं, "इच्यार कसा करू बाई?" आणि मी... मी हनुवटीला बोट लावून दाखवलं.

उत्तमराव आले, बरोबर पाटी-पेन्सिलवाल्या मोठ्या शाळेचे नारायणराव मास्तर. गोजराने चाक फिरवलं. फिरलं नाही. तिने हनुवटीला बोट लावलं. शरयूला वाटलं, आता उत्तमरावांना कळेल, आता ते हसतील — आणि क्षणभर तिने अगदी मनापासून तीच इच्छा केली. पण ते पुढे वाकून पाहत होते, तोंड उघडं टाकून. काडी घासून झाली, चाक फिरलं, गोजरा ठरल्याप्रमाणे टाळ्या वाजवून हसली.

"अरे वा! पंजाबरावची पोट्टी त कारागीर निंघाली!" त्यांनी खिशातली खडीसाखर तिच्या हातावर ठेवली. "मास्तर, पायलं का? कोनी सांगतलं नाही तिले! राहू द्या बाई तुमची शाळा. कापसाचं मी पाहून घेतो."

मास्तरांनी मान डोलावली. घोडं गंगेत न्हालं. शरयूने नमस्कार केला, त्यांना फाटकापर्यंत पोचवलं आणि ती परत फिरली. जिंकलेल्या माणसाला इतकं रितं वाटतं का? की जिंकलं ते दुसरंच कुणीतरी, आणि आपण हरलो ते कुणाला कळलंदेखील नाही...

कोठ्यात मुलं खेळत नव्हती. ओळीने बसली होती, तिची वाट पाहत. एकाने आपली बंडी पुढे केली, चांगली धावणारी बंडी. "बाई, माह्यं बी चाक अडकवून द्या." लगेच दुसरा, तिसरी. "मले बी! मले बी अडकवून द्या!"

गोजरा खडीसाखर चघळत तिच्याजवळ येऊन उभी राहिली. तिने शरयूच्या तोंडाकडे पाहिलं, अगदी शहाण्या मुलीसारखं, आणि विचारलं, "बाई, आता मी काय शोधू?"

तुला हवं ते, असं म्हणायला शरयूने तोंड उघडलं. पण गोजराला काही हवं असल्यासारखं दिसत नव्हतं. ती हनुवटीला बोट लावून थांबली होती. उद्याही ही मुलं येतील, परवाही, कोठा आता आपलाच आहे, आणि रोज यांच्यापैकी कुणीतरी असंच येऊन उभं राहील... हिला आता काय शोधायला लावावं, याचा आपण विचार करतोय हे शरयूच्या उशिरा लक्षात आलं. आणि तिला ते सुचलंही होतं.