माझ्या पारड्यातलं झाकण

मित्रांनो, मी एक जुनी तागडी आहे. दोन पितळी पारडी, मध्ये लोखंडी दांडी आणि नाकावर राग. ज्याने मला घडवलं त्याने माझ्या दांडीला दिवसभर कानस लावली होती. एका पारड्यात वाल टाकला तरी दांडी हलली पाहिजे, असा त्याचा हट्ट.

मी आले ती साबण करणाऱ्या घरात. स्वयंपाकघरामागच्या खोलीत सासूबाई साबण करायच्या आणि तीस वर्षं तेल, पाणी, कॉस्टिक सोडा सगळं माझ्यावर तोलायच्या. कॉस्टिक पितळ खातं, म्हणून त्याच्या डब्याचं रुंद झाकण त्या माझ्या पारड्यात ठेवायच्या आणि त्यात मोजायच्या. "नवरा एकदा खोटं बोलेल, माझी तागडी नाही बोलणार," असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या. मी फुगून दुप्पट व्हायची.

मग सुनेने नवा काटा आणला. चपटा, बॅटरीवरचा, तोंडावर आकडे. त्याचं कौतुक घरच्या जावयासारखं! मऊ फडक्याने पुसायचं, उन्हात ठेवायचं नाही, वर टोपी घालायची. मला तीस वर्षांत कोणी फडकं दाखवलं नव्हतं. माझा नुसता तिळपापड झाला.

सासूबाईंचाही झाला. त्या म्हणाल्या, "या खेळण्यावर तोलून एक घाणा करून दाखव. वड्या घट्ट झाल्या नाहीत तर हा परत जाईल."

"आणि झाल्या तर, आई?"

"तर ही तागडी भंगारात दे. मी अडवणार नाही."

माझी पारडी गार पडली.

सून बाजारात गेली तशी सासूबाईंनी गुपचूप डबा उघडला. झाकण माझ्या पारड्यात ठेवून त्यांनी कॉस्टिक तोललं आणि तेच मग काट्यावर ठेवलं. त्यांना त्याची चोरी पकडायची होती. पण दोन्हींचं वजन जुळलं, काडीचा फरक नाही! सासूबाईंनी तोंड वाकडं केलं, कॉस्टिक डब्यात परत ओतलं, रिकामं झाकण सवयीने माझ्या पारड्यात टाकलं, डब्यावर एक ताटली उपडी टाकली आणि पाय आपटत निघून गेल्या. झाकण राहिलं माझ्याकडे.

पाच दिवस ते माझ्या पारड्यात होतं. हवा दमट, मागच्या भिंतीला ओल आलेली. ताटलीच्या फटीतून कॉस्टिक ओल पीत होतं, हे मला दिसत होतं. पण खरं सांगू? पुन्हा माझ्या पारड्यात काहीतरी आहे, याच आनंदात मी होते.

सहाव्या दिवशी सुनेने ताटली उचलली. या घरात निम्म्या डब्यांवर ताटल्याच असतात, तिला काही खटकलं नाही. कॉस्टिकचे खडे झाले होते, ते तिने चमच्याने फोडून काट्यावर तोलले. "आकडा बरोबर आहे ना, मग झालं," असं म्हणत तिने घाणा साच्यात ओतला.

दुसऱ्या दिवशी बोट लावलं तर बोट आत गेलं. चौथ्या दिवशीही तेच. वर तेलाचा थर तरंगत होता.

"साबण केलास की शिरा?" सासूबाई म्हणाल्या.

सुनेचे डोळे भरले. ती काट्याला खोक्यात घालू लागली आणि मी मनातल्या मनात उड्या मारल्या. पण ती थांबली. तिने डब्यातलं कॉस्टिक पुन्हा पाहिलं. भिजलेल्या साखरेसारखं झालं होतं.

"आई, याला पाणी सुटलंय. वजन बरोबर भरलं, पण त्यात निम्मं पाणीच असणार. याचं झाकण कुठंय?"

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. झाकण माझ्या मांडीवर होतं, चोराच्या हाती मुद्देमाल असावा तसं.

सासूबाईंनी झाकण उचललं. मग म्हणाल्या, "मी काढलं होतं. आता माझ्या तोंडाकडे काय बघतेस? मोठं पातेलं आण, आणि कॉस्टिकचा नवा डबा."

त्यांनी तो चिकट घाणा मंद आचेवर चढवला. नव्या कॉस्टिकचं पाणी सून थोडं थोडं घालत होती आणि सासूबाई घोटत होत्या. वरचं तेल जिरत गेलं, घाणा दाटला, चमच्याची रेघ मोडेना. "बस. आता एक थेंब नको," सासूबाई म्हणाल्या. हे काही काट्याला कळलं नसतं. मलाही नाही, म्हणा.

तीन दिवसांनी वड्या ठणठणीत निघाल्या. काट्याची चूक नव्हतीच, म्हणजे पैज सून जिंकली होती. सासूबाईंनी मला स्वतः उचललं आणि दाराशी नेऊन ठेवलं. दिलेला शब्द त्या मोडत नाहीत.

सुनेने मला परत आत आणलं. एका पारड्यात तिने आजची ओली वडी ठेवली, दुसऱ्यात महिन्यापूर्वीची वाळलेली. माझी दांडी एकीकडे झुकली.

"बघा आई, किती पाणी उडालं ते नजरेला दिसतं. काट्यावर नुसता आकडा दिसतो."

"ते मला काय सांगतेस," असं म्हणून सासूबाईंनी पदराने माझी पारडी पुसली. तीस वर्षांत पहिल्यांदा.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूला अधूनमधून फडकं दाखवा. आणि कितीही जळफळाट झाला तरी डब्याचं झाकण आधी लावा, मग पाय आपटा. मी सुधारले, असं मात्र म्हणणार नाही. परवा काट्याची बॅटरी संपली, तेव्हा फार बरं वाटलं.