घोकून पास केलेलं डोकं

२००६च्या ऑक्टोबरातला गुरुवार. अमेरिकेत, ट्रॉयमधल्या घरी सुवर्णा कारखानीस पोळ्या लाटत होती आणि तिचे यजमान रवींद्र जेवणाच्या टेबलाशी मुलाचा अभ्यास घेत होते. त्यात नवल ते काय, असं तुम्ही म्हणाल. मराठी घर आहे, अभ्यास चालायचाच! पण मुलगा कॉलेजात जाणारा घोडा होता, आणि अभ्यास होता आपल्या डोक्याला काही झालेलं नाही, हे पटवून देण्याचा.

"बटन, टायगर, लॅडर, हनी, विंडो," सिद्धेश म्हणाला.

"शाबास! आता महिने उलटे."

"डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर..."

सिद्धेश कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या टीममध्ये होता. मंगळवारच्या सरावात त्याचं डोकं दुसऱ्या मुलाच्या हेल्मेटवर आदळलं. डोळ्यांपुढे अंधारी आली, मग मळमळलं. त्यानं चकार शब्द काढला नाही, पण टीमच्या दुखापती बघणाऱ्या ट्रेनरबाईंनी त्याला झोकांड्या खाताना पाहिलं आणि शुक्रवारी सकाळी तपासणीला बोलावलं. तपासणी कसली, तर पाच शब्द ऐकवायचे, थोड्या वेळानं परत म्हणायला लावायचे आणि महिने उलटे विचारायचे. शब्द दरवर्षी तेच. सीनियर मुलं ते धाकट्यांना आधीच सांगून ठेवत. आणि बाप पडला पुण्याचा इंजिनिअर! पेपर फुटलाय म्हटल्यावर तो गप्प बसतो होय?

शनिवारच्या मॅचला सुरुवातीला मैदानात कोण उतरणार, हे त्या कॉलेजात कोच ब्रेनर ठरवत. कोण जोरात पळतो, कोण समोरच्याला आडवा पाडतो, हे ते बघत, नाही असं नाही. पण त्यांची खरी कसोटी निराळीच. 'दुखतंय' म्हणणाऱ्या मुलाच्या अंगात लाल जर्सी चढवायची आणि कुंपणापाशी जागच्या जागी चालणाऱ्या व्यायामाच्या सायकलवर त्याला सगळ्यांदेखत बसवायचं. त्या कोपऱ्याला ते 'पाळणाघर' म्हणत आणि स्वतःच खो खो हसत. पाळणाघरात गेलेल्याची जागा दुसऱ्याला मिळे, ती पुन्हा हाती येणं कठीण. आणि आईबाप म्हणत, "काय शिस्तीचा माणूस आहे हो!" मेंढरांना शिस्त लावायला अक्कल लागत नाही, पण हे त्यांना कोण सांगणार?

एके काळी रवींद्र या खेळाला रानटी धिंगाणा म्हणत. सिद्धेश पहिल्या अकरांत आला मात्र, गृहस्थांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत रेशमी झब्ब्यावर टीमचं जॅकेट घालून हिंडले! या शनिवारी तर मंडळाच्या प्रल्हाद साठ्यांनी व्हॅनच ठरवली होती. आपला मुलगा अमेरिकनांना लोळवतो, ते बघायला सगळे निघाले होते.

सुवर्णानं पानं घेतली. सिद्धेश वरणभात, भाजी, पोळी सगळं जेवला. हात वरणानं बरबटलेलेच होते, तोच त्यानं वर बघून विचारलं, "आई, डिनरला काय आहे? आय ॲम स्टार्व्हिंग."

रवींद्र हसले. सुवर्णानं त्याच्या रिकाम्या ताटाकडे बोट दाखवलं.

"अहो, हा आत्ता जेवला!"

"चेष्टा करतोय गं."

"मी त्याची आई आहे. चेष्टा कळते मला. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे नेऊ या."

"आणि मग लाल जर्सी! लोक व्हॅन करून येताहेत, त्यांना काय सांगू?"

"मॉम, प्लीज," सिद्धेश कळवळून म्हणाला. "मी नाही खेळलो तर टायलर खेळेल. देन आय ॲम डन."

सुवर्णा गाडीची किल्ली शोधेपर्यंत रवींद्रांनी पोराला होस्टेलवर पोचवलंसुद्धा. नवऱ्याबद्दल इतकी किळस तिला कधी वाटली नव्हती.

शुक्रवारी सकाळी ती मैदानावर पोचली तेव्हा सिद्धेश पास झालेला होता. कोच ब्रेनर शिट्टी गळ्यात अडकवून उभे होते.

"माझ्या नवऱ्यानं त्याच्याकडून ते शब्द पाठ करून घेतलेत," ती म्हणाली. "दुसरे विचारा."

कोच गालातल्या गालात हसले. "मॅडम, ते शब्द सगळ्याच मुलांना पाठ असतात."

"तुम्हाला ठाऊक आहे?"

"म्हणजे काय! ज्याला खेळायचंय तो पाठ करतो. ज्याला पळवाट हवी, तो नापास होतो. मला तेवढंच बघायचं असतं."

सुवर्णा थक्क झाली. हा माणूस फसलेला नव्हताच! पोरं किती लपवतात, यावरच तो त्यांची पारख करत होता. तिनं तिथल्या तिथं ट्रेनरबाईंना हाक मारली आणि सर्वांसमोर मुलाचा हात धरला.

"सिद्धेश, ऐक. स्पून, रिव्हर, कॉटन, हॅमर, लेमन. म्हण बघू."

"स्पून..." तो म्हणाला. त्यानं आईकडे पाहिलं, मग कोचकडे, मग बुटांकडे. "स्पून..." आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

ट्रेनरबाई पांढऱ्याफटक पडल्या. "हा खेळणार नाही," त्या म्हणाल्या. सगळ्यांदेखत घडल्यावर त्यांना दुसरं बोलताच येईना.

कोचनी खांदे उडवले आणि मान वळवून हाळी दिली, "टायलर! उद्या तू."

गाडीत बसल्यावर सिद्धेश खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "टायलरला रोज उलटी होते. नोबडी नोज."

हॉस्पिटलात डॉक्टरांनी रवींद्रांना बाजूला घेतलं आणि आणखी एक फटका बसला असता तर काय झालं असतं, ते समजावून सांगितलं. शनिवारी ते पडदे ओढलेल्या खोलीत मुलाच्या उशाशी बसून होते. त्यांच्याशी बोलावं असं सुवर्णाला वाटेना. ती गाडी काढून कॉलेजात गेली.

मंडळी आलेलीच होती! सिद्धेश खेळणार नाही हे कळूनसुद्धा व्हॅन कॅन्सल झाली नव्हती. चिवड्याचा डबा हातोहात फिरत होता. सुवर्णा त्यांना ओलांडून वरच्या रांगेत गेली. तिथे टायलरची आई मुलाच्या नंबराची टोपी घालून बसली होती.

"तुमच्या मुलाला रोज उलट्या होताहेत. माझ्या मुलालाही डोक्याला लागल्यावर मळमळत होतं," सुवर्णा म्हणाली. "त्याला खेळू देऊ नका."

ती बाई आधी भडकली. "तुमच्या मुलाची जागा गेली म्हणून जळताय!"

"परवा माझा मुलगा जेवता जेवताच जेवण विसरला. तुमचा काय काय विसरतो?"

बाईनं मैदानाकडे पाहिलं. खाली मुलं रांगेत उभी राहत होती. टायलर उजेडाला हाताचा आडोसा करत होता. तिनं टोपी काढली आणि ती उठली.

दोघी भराभरा पायऱ्या उतरू लागल्या, तेव्हा प्रल्हाद साठे चिवडा चावत ओरडले, "अहो वहिनी, बसा ना! आता तर रंग भरणार!"

सुवर्णा थांबली. "भाऊजी, तुमच्या अमितला का नाही घालत टीममध्ये? चांगला धट्टाकट्टा आहे की."

"आमचा अमित? छे हो!" प्रल्हादराव दचकलेच. "डोक्याबिक्याला लागलं म्हणजे?"

चिवड्याचा डबा मध्येच थांबला. सुवर्णानं टायलरच्या आईचा हात घट्ट धरला आणि दोघी मैदानात शिरल्या.