शंभरावर अडकलेला आकडा

झेरॉक्सच्या दुकानासमोर सकाळी आठलाच एवढी गर्दी होती, की आत नोटा छापून मिळताहेत असं वाटावं. मिळत होता चमत्कार. दुकानाच्या मागच्या खोलीत, फिरत्या खुर्चीवर पुढचे काका बसले होते. समोर टेबलावर मखमलीचा तुकडा. लोक रांगेने येत आणि तान्हं मूल ठेवावं तसा आपला फोन त्या मखमलीवर ठेवत.

पुढचे काका हे अर्थातच टोपणनाव. सगळ्या जगाला पुढच्या वर्षी मिळणारी फोनची सिस्टीम काका आजच घालून देत, म्हणून पुढचे. फोनची कंपनी अशी कच्ची सिस्टीम तपासणीसाठी आधी सोडते, तिला बीटा म्हणतात. ती मागेल त्याला मिळते आणि घालायला दोन बटणं दाबावी लागतात. काका ती डोळे मिटून दाबत, म्हणून त्याला दीक्षा म्हणायचं.

"ही सिस्टीम अजून जन्मलेली नाही," काका सांगत. "गर्भात आहे. गर्भातलं बाळ कधी दमतं का? मग हिची बॅटरी कशी दमेल?"

गर्दी माना डोलवी. बाळाचा आणि बॅटरीचा संबंध काय, हे कुणी विचारलं नाही, कारण पुरावा ज्याच्या त्याच्या हातात होता. दीक्षा घेतलेल्या फोनच्या कोपऱ्यात सकाळी शंभर टक्के, दुपारी शंभर टक्के, अख्खा सिनेमा बघून झाला तरी शंभर टक्के!

"मग रात्री चार्जिंगला लावायचा की नाही, काका?" एका बाईंनी विचारलं.

"लावायचा. गरज म्हणून नव्हे, शिस्त म्हणून."

"माझा काल मधेच बंद पडला," एक पेन्शनर चाचरत म्हणाले.

"मनात शंका आली होती?"

"अं... थोडीशी."

"बघा!" काका खुर्चीसकट गर्रकन फिरले. पेन्शनरांनी कान पकडले.

दीक्षेनंतर एकच त्याग करायचा असे. खिशात बाळगायची चार्जिंगची पेटी, म्हणजे पॉवर बँक, काकांच्या खोक्यात टाकायची. काका तिला कुबडी म्हणत. खोकं भरत चाललं होतं.

त्या दिवशी खोक्यात पडलेली एक कुबडी लिफ्टमिस्त्रीची होती. आसपासच्या सात इमारतींच्या लिफ्टा तो सांभाळायचा. लिफ्ट अडकली की याचा फोन वाजायचा. अशा माणसाने आपल्या एकुलत्या एका फोनवर कच्ची सिस्टीम घालणं म्हणजे अक्कल गहाण टाकणं. ती त्याने रांगेत उभं राहून टाकली.

घरी बायकोने फोन हातात घेतला. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला, कुठलाही कागद तळापर्यंत वाचायची तिला सवय.

"ही एवढी लांबलचक सूचना वाचलीस का?"

"खाली 'मान्य आहे' होतं, ते दाबलं."

"ते वाचून झाल्यावर दाबायचं असतं."

"सगळ्यांनी तसंच दाबलं गं! आण तो इकडे."

शिवणाच्या मशीनवरून मिस्त्रीची आई म्हणाली, "मला त्या माणसाची बाहीच पटत नाही. एवढ्या उकाड्यात फुल शर्ट, आणि डावी बाही उजवीपेक्षा जड पडते."

"आई, तुला माणसापेक्षा त्याचे कपडेच जास्त दिसतात."

"कपडेच खरं बोलतात रे बाबा."

तीन दिवस आकडा शंभरवर राहिला आणि मिस्त्री हवेत राहिला. चौथ्या दिवशी दुपारी तो सर्वांत लांबच्या इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनरूममध्ये ग्रीस लावत होता. खिशातला फोन केव्हाच मेला होता, पण मरण्यापूर्वी त्याने शेवटपर्यंत शंभर दाखवलं होतं, म्हणून मिस्त्रीने पुन्हा बघितलाच नाही.

त्याच वेळी त्याची आई दुरुस्त केलेली पँट द्यायला घराशेजारच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर निघाली होती. लिफ्टमध्ये पुढचे काकाही होते, एका आजारी आजोबांना घरपोच दीक्षा द्यायला चाललेले. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे लिफ्ट थांबली. आईला मधुमेह. जेवायची वेळ टळली की साखर उतरायची, हात कापायचे, बोलणं तुटायचं.

खाली काय घडलं ते मिस्त्रीला नंतर कळलं, आणि त्यानंतर कित्येक दिवस त्याला घास गोड लागला नाही. लिफ्टमधली धोक्याची घंटा ऐकून खाली माणसं जमली. वॉचमनने मिस्त्रीला फोन लावला. बंद.

"बंद कसा असेल? शंभर टक्केवाला आहे तो!"

"माझ्यावरून लावून बघतो."

"तुमचाही दीक्षेचा आहे ना? मग लागेलच."

बारा माणसं. बारा फोन. पाऊण तास सगळे एकच नंबर फिरवत होते. ज्यांचे फोन हातातच बंद पडले, ते आपल्या मनात शंका कधी आली ते आठवत बसले. मिस्त्रीने नक्कीच मुद्दाम फोन बंद ठेवलाय, यावर एकमत झालं.

मिस्त्रीची बायको लॅबमधून परतली तेव्हा हा यज्ञ चालू होता. आत सासूबाई आहेत हे कळताच तिने एकच प्रश्न विचारला, "आज तो लांबच्या इमारतीत आहे, तिथल्या गच्चीवर जाऊन बघून आलं का कुणी?"

बाराजणांनी पुन्हा एकदा नंबर फिरवला.

ती धावत लांबच्या इमारतीपर्यंत गेली, सहा मजले चढली आणि मिस्त्रीला दंडाला धरून ओढत आणलं. त्याने किल्लीने चौथ्या मजल्यावरचं दार उघडलं, आधी टॉर्च मारला. खाली अर्ध्यावर लिफ्टचा डबा, डब्यात जमिनीवर बसलेली आई, घामाने निथळलेली. त्याने वर मशीनरूममध्ये जाऊन हाताने चाक फिरवत डबा चौथ्यापर्यंत उचलला. बायकोने पेला आईच्या ओठांना लावला. साखरेचं पाणी.

दहा मिनिटांनी आईने डोळे नीट उघडले. सुनेकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं आणि मग हळूच सटकणाऱ्या काकांचा डावा हात पकडला.

"थांबा की. आत तुमचा फोन कसा हो चालू राहिला?"

"साधना, आजी."

"साधना! लिफ्टला आरसा आहे, महाराज. पाठ फिरवून काय करत होता ते सगळं दिसलं मला. साखर उतरली होती, डोळे गेले नव्हते. चाळीस वर्षं लोकांच्या बाह्या शिवतेय."

तिने बाहीचं बटण काढलं. आतून वायर निघाली. वायरीच्या टोकाला, दंडाला पट्ट्याने बांधलेली एक गरमागरम कुबडी निघाली.

"ही माझी आहे!" पेन्शनर ओरडले. "वर माझं नाव लिहिलंय!"

आता भ्रम फिटला असं वाटलं ना? छे. दुसऱ्याच दिवशी वॉचमन म्हणाला, "काका लबाड असतील, पण माझ्या फोनवर शंभर दिसतंय त्याचं काय?" आणि बाकीचे म्हणाले, "हो की!" माणूस भोंदूला सोडतो, पण त्याने दिलेलं गाठोडं सोडत नाही.

मग मिस्त्रीच्या बायकोने झेरॉक्सच्या दुकानात त्याच टेबलावर दोन फोन ठेवले. एक तिचा, एक नवऱ्याचा. एकाच दिवशी घेतलेले, एकाच जातीचे, रात्रभर चार्ज केलेले. फरक एवढाच, की तिच्यावर जुनी सिस्टीम होती. दोन्हीचे टॉर्च लावले, पडदे पूर्ण उजळले, एकच व्हिडिओ चालू केला.

तिच्या फोनचा आकडा उतरत गेला. ऐंशी. पन्नास. वीस. त्याच्यावर शंभर, शंभर, शंभर. "बघा, बघा!" वॉचमन नाचू लागला. तिचा फोन एकवर येऊन बंद पडला. चार मिनिटांत त्याचाही पडला. शंभर टक्क्यांवर.

तिने कंपनीची सूचना कागदावर उतरवून आणली होती, ती वाचली. "माहीत असलेले दोष. अकरावा: काही फोनांवर बॅटरीचा आकडा शंभरवर अडकतो. शेवटची ओळ: रोजच्या वापराच्या एकमेव फोनवर ही सिस्टीम घालू नये." तिने कागद खाली ठेवला. "बनवणाऱ्यांनीच लिहून ठेवलंय, हा बिघाड आहे. तुम्ही त्याला हात जोडलेत. आणि खाली 'मान्य आहे' दाबलंत."

"आता जुनं परत घालून मिळेल का?" पेन्शनरांनी विचारलं.

"मिळेल. आधी फोन कोरा करावा लागेल. फोटो, नंबर, सगळं जाईल."

मग मिस्त्री उठला. त्याला भाषण येत नव्हतं.

"मला उस्तादाने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं," तो म्हणाला. "बाहेरचा दिवा चार दाखवतो म्हणून डबा चारवर असतोच असं नाही. दार उघड, टॉर्च मार, डबा दिसला तरच पाय टाक. वीस वर्षं मी जीव त्याच्यावर सांभाळला. आणि फोनच्या कोपऱ्यातल्या आकड्यावर आईचा जीव टांगला. आकडा म्हणजे बॅटरी नव्हे. तो कुणीतरी लिहिलेला आकडा आहे, चुकू शकतो. तपासून बघत जा. काका गेले, उद्या मामा येईल. त्यालाही तपासा. मी सांगतोय तेही तपासा."

लोक खोक्याकडे वळले आणि आपापल्या कुबड्या शोधू लागले, एकमेकांना ढकलत, चमत्काराच्या रांगेत ढकलत होते तसेच.

मिस्त्रीने संध्याकाळी सातही इमारतींच्या लिफ्टशेजारी स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद चिकटवला. वर त्याचा नंबर होता. खाली, आईने सांगितलेली ओळ होती:

"फोन लागला नाही, तर जिना चढून बघा."