भिंतीतला गाल

चोरीला चोरी म्हणायची लाज वाटते, म्हणून त्या ऑफिसात तिला 'उचल' म्हणत. "नेटवरून एखादं झाड उचल ना." "दार उचललंस का?" ऑफिस तिघांचं आणि काम भुताच्या गेमचं. गेम काढणारा मालक, कोड लिहिणारी ताई आणि चित्रं करणारा, ज्याला सगळे रंगारी म्हणत. मालकाचा स्वतःचा एक कायदा होता: तीस टक्के बदललं की चित्र आपलं. हा कायदा कुठल्या पुस्तकात आहे, हे त्याला कोणी विचारलं नाही. आयजीच्या जिवावर बायजी उदार असली की असले कायदे आपोआप पाठ होतात.

रंगारीने भुतीणही अशीच उचलली होती. उन्हात खिडकीशी बसलेल्या एका म्हातारीचा फोटो. तोंड उघडं, आत एकही दात नाही, चेहराभर सुरकुत्यांचं जाळं. कोपऱ्यात फोटो काढणाऱ्याचं नाव होतं. ते त्याने कापलं. डोळ्यांच्या खोबणी काळ्या केल्या, जबडा खाली ओढला, कातडीवर हिरवट छटा दिली. "आत्ता तात्पुरती टाकतो, नंतर माझ्या हाताने काढीन," असं म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. पण तात्पुरत्याइतकं टिकाऊ जगात दुसरं काही नाही. गेमचा फुकट डेमो वाटला, पोरं घाबरून किंचाळली, मालक खूश झाला. तोच चेहरा जाहिरातीवर चढला.

म्हणून एका दुपारी ती आली. चष्म्याच्या दुकानात काम करणारी, चाळिशीची बाई. आल्या आल्या तिने टेबलावर फोन ठेवला. त्यात मूळ फोटो होता.

"ही माझी आई. फोटो मी काढलाय. कुणी केलं हे?"

मालकाने कानांवर हात ठेवले. "बाई, नेटवर असे लाख चेहरे पडलेत. शिवाय आम्ही तीस टक्के बदल..."

"कुठले तीस टक्के? नाक सोडून बाकीचे?"

ताईला हसू फुटलं. तिने ते खोकल्यात दडवलं. रंगारीने हात अर्धवट वर केला, वर्गात करतात तसा. "मी केलं."

बाई त्याच्याकडे वळली. तिने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. "ती हसत होती हो," ती म्हणाली. "मी म्हटलं, आई, कवळी घाल, फोटो काढते. तर म्हणते, राहू दे गं, ते दात कुठे माझे आहेत! आणि स्वतःच्याच विनोदावर हसत सुटली. तिला तुम्ही किंचाळायला लावलंत. माझ्या मुलाला वर्गातल्या पोरांनी दाखवलं. आता तो घरातली आजीची तसबीर पालथी घालून ठेवतो."

"जाहिरातीवरून आजच्या आज काढतो," मालक म्हणाला. "आणखी काय हवंय तेही बोला, मोकळेपणाने."

"गेल्या वर्षी तिला चौघांनी उचललं. मला वाटलं, सुटली बिचारी. तुम्ही पुन्हा उचललीत. मला काही नको. तिला बाहेर काढा. सगळी."

रंगारीने आरशासमोर तोंडं वेडीवाकडी करून नवी भुतीण काढली. "ही भुतीण आहे की दाढ दुखणारा पेशंट?" मालकाने विचारलं. पण कोर्टाच्या भीतीने चालवून घेतली.

मग नव्या भुतिणीला घेऊन रंगारी गेममधल्या घरात फिरून बघायला लागला. त्याला आठवलं. भिंत करताना त्याने त्याच फोटोतला गालाचा तुकडा घेतला होता. सुरकुती मोठी केली की भेग होते. तुकड्याशेजारी तुकडा, फरशा बसवाव्या तसा. त्याचीच पुढे झाडाची साल केली, जिन्याचा दगड केला, दारामागच्या चामड्याच्या बॅगेचं कातडं केलं. चेहरा गेला होता आणि म्हातारी घरभर पसरून होती. त्या दिवसापासून स्वतःच्या घरी दिव्याचं बटण दाबायला हात भिंतीकडे गेला, तरी तो मागे यायचा. भिंत कोमट लागेल की काय, असं वाटायचं.

त्याने मालकाला सांगितलं.

"चेहरा मागितला, चेहरा काढला," मालक म्हणाला. "गालावर काय नाव लिहिलंय तिचं? झाकली मूठ राहू दे, आणि तोंडही."

खात्री करायला बाई आली. कानाला हेडफोन लावून गेमसमोर बसली. नवी भुतीण अंगावर आली तेव्हा दचकली, मग सुटल्यासारखा श्वास सोडला. "नाही, ही ती नाही." मालकाने रंगारीकडे बघून भुवया उडवल्या.

बाई उठली नाही. घर बघत राहिली. बघता बघता एका भिंतीपाशी थांबली. भिंतीवर एक फिकट, वाटोळा डाग होता. थोडं पुढे गेली, तर तसाच डाग. आणखी पुढे, पुन्हा तोच.

"हे काय आहे?"

"ओल," मालक घाईने म्हणाला. "पडकं घर दाखवलंय ना."

"कढईतलं तेल उडालं होतं," बाई पडद्यावर बोट ठेवून म्हणाली. "मी तिच्या कडेवर होते. माझ्यावर येऊ नये म्हणून तिने तोंड मध्ये घातलं." तिने हेडफोन काढले. "ही पण तीच आहे का?"

"छे हो, भास होतो माणसाला..."

"हो," रंगारी म्हणाला. "भिंतीत आहे. झाडांत आहे. जिन्यात आहे."

"पायऱ्यांत?"

"हो."

"म्हणजे पोरं तिच्यावर पाय देऊन चढतात."

रंगारीने शेजारच्या मशीनवर तो गालाचा तुकडा शोधला आणि डिलीट केला. चित्र सापडलं नाही की गेम ती जागा भडक गुलाबी रंगवतो, करणाऱ्याच्या डोळ्यात खुपावी म्हणून. घर खोलीखोलीने गुलाबी होत गेलं.

"अरे मूर्खा, उद्या गेम बाजारात जायचाय!" मालक ओरडला. "ताई, तुझ्याकडे दुसरी प्रत असेल, ती टाक परत."

"होती," ताई म्हणाली. तिची बोटं कीबोर्डवर चालूच होती. "आत्ताच पुसून टाकली."

मालक फोन घेऊन बाहेर धावला.

"गेली?" बाईने विचारलं.

आता हो म्हणणं किती सोपं होतं! रंगारीच्या जिभेवर आलंही होतं. "इथून गेली," तो म्हणाला. "पण डेमो ज्यांनी उतरवून घेतला, त्यांच्याकडे आहे. चेहऱ्यासकट. तो परत बोलावता येत नाही."

"कुणाकुणाकडे?"

"माहीत नाही."

बाईने मान हलवली. मग पुन्हा माउस धरला आणि त्या गुलाबी घरातून चालू लागली. जिन्यापाशी आल्यावर थांबली, खाली वाकून पाहावं तसं पायरीकडे पाहिलं, मग सावकाश एक पायरी चढली, आणि पुन्हा थांबली. बाहेरून मालकाचा आवाज येत होता. रंगारी तिच्या खुर्चीमागे उभा राहिला.