कोरडा दिसलो तर बंबात

मित्रांनो, माझ्या अंगावरचे हे निळे-हिरवे डाग पाहून मला कुणी शोभेची वस्तू समजू नका. मी जन्माचा पोळपाट आहे. सागाचा, तीन पायांचा. म्हणजे होतो तीन पायांचा. आता दोन पाय आणि एक विटेचा तुकडा, एवढ्यावर उभा आहे. अंग दुखतं. बोलायची हौस उरलेली नाही. पण या घरात दोन बायका माझ्यावरून एकमेकींशी खोटं बोलल्या आणि ते त्या दोघींखेरीज फक्त मला माहीत आहे. ते सांगून टाकतो, मग सुखाने पडून राहीन.

परतवाड्याच्या एका सुताराने मला मेळघाटच्या सागाच्या एकाच फळीतून गोल काढला. मला जोड नाही, ठिगळ नाही. आजकालचे पोळपाट पाहा, दोन पावसाळ्यांत फुगतात आणि मालकिणीलाच दोष देतात. आमच्या काळी लाकडाला लाज होती. माझ्या मालकिणीच्या, पार्वताबाईच्या वडिलांनी लग्नात मला तिच्यासोबत दिला आणि एस.टी.च्या टपावर ट्रंकेत बसून मी अचलपूरकडून तेल्हाऱ्याला आलो. माझ्यासोबत माझं लाटणंही होतं. ते अजून ओट्यावर मिरवतं, त्याची गोष्ट वेगळी.

अठ्ठेचाळीस वर्षं मी पोळ्या झेलल्या. सकाळी चाळीस, संध्याकाळी पंचवीस. कापूस वेचणीच्या दिवसांत त्याहून जास्त, कारण वावरात डबे जायचे. पार्वताबाईला ताप असो, भांडण असो, माहेरहून वाईट निरोप आलेला असो, कणकेचा गोळा माझ्यावर पडायचाच. आज पोळ्या लाटाव्याशा वाटतात का, असं तिला कुणी विचारलं नाही. तिनेही स्वतःला विचारलं नाही. पहिली पोळी नेहमी वाकडी यायची, कारण हात अजून गार असायचा. ती बाजूला निघायची गाईसाठी. मग दुसरीपासून चंद्रासारख्या गोल. आल्यागेल्यांनी पोळ्यांचं कौतुक केलं, पार्वताबाईच्या हाताचं केलं. पोळपाटाचं कुणी केलं नाही. मी मनाला लावून घेतलं नाही, असं म्हणणार नाही.

मग गेल्या पोळ्याच्या सणाला पुरणपोळ्या लाटताना माझा एक पाय निखळला. आधी दोनदा चिकटवला होता, तिसऱ्यांदा तो ऐकेना. तोवर घरात काळ्या दगडाचा ओटा आला होता. सून रागिणी त्या ओट्यावरच पोळी लाटायला लागली. सपाट, गुळगुळीत, आणि वर पुसायला सोपा. मला मागच्या अंगणात, पाणी तापवायच्या बंबाशेजारी सरपणात टाकलं.

तिथून रागिणीने मला उचललं.

रागिणी शेंदूरजनाघाटची. संत्र्याच्या बागेतली मुलगी कपाशीच्या गावात आली. चव्वेचाळीस वर्षांची झाली. लेक पिंकी अमरावतीला शिकायला गेली, आणि जाताना शाळेतले रंग मागे सोडून गेली. चौकोनी पेटीत बारा नळ्या. अर्ध्या पिळलेल्या, नारिंगी तर पार संपलेली. रागिणीने एका दुपारी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर सहज एक झाड काढलं आणि तिला ते भलतंच गोड लागलं. रंग कालवायला काही सपाट हवं होतं. तिने मला सरपणातून काढलं, निखळलेल्या पायाच्या जागी विटेचा तुकडा लावला आणि माझ्या पाठीवर निळा रंग पिळला. मला शहारा आला. पीठ कोमट असतं, रंग गार असतो.

सासू दारात उभी.

"काय करून राहिली वं रागिणी?"

"चित्र काढून राहिली, आत्याबाई." सासूला ती आत्याबाई म्हणते.

"चित्र? नि थो लंगडा काहून उचलला? मोडका पोळपाट घरात ठेवत नसतात."

"रंग कालवाले लागते मले. रोज लागीन."

"रोज?" पार्वताबाई हसली. ती हसली की समोरच्याला रडू येतं. "अवं, तू चार दिस योगा केला. चार दिस विणकाम केलं. ते अर्धं स्वेटर अजून कोनाड्यात उंदरायची वाट पाहून राह्यलं. या घरात मी बसून खाणारं माणूस ठेवलं नाही, बसून राहणारं लाकूड काय ठेवीन?"

"पण मी रोज काढीन म्हणते नं."

"मंग आयक. दुपारी झोपून उठली का मी याच्यावर बोट फिरवीन. ओला लागला तर राहू दे. ज्या दिवशी कोरडा दिसला, दुसऱ्या दिवशी सकाळी बंबात. माह्या आंघोळीले पाणी तरी तापीन."

असा माझा जीव रागिणीच्या हौसेला टांगला गेला, मित्रांनो. जिने अर्धं स्वेटर सोडलं तिच्या हौसेला!

पहिले पंधरा-वीस दिवस मोठे उत्साहाचे होते. जेवणं आटोपली की रागिणी खिडकीशी बसायची. घागर काढली, बैल काढला, अंगणातला कडुलिंब काढला. चार वाजता पार्वताबाई उठायची, चहाच्या आधी माझ्यावर बोट फिरवायची, बोटाचा रंग पदराला पुसायची आणि म्हणायची, "हं. ओला हाये." चित्राकडे बघायची नाही. तेवढं तिला पुरायचं.

दिवाळी झाली. थंडी पडली, बंब पेटायला लागला. आणि रागिणीचं तोंड उतरायला लागलं. बैलाचे पाय टेबलासारखे येत. कडुलिंब ढगासारखा येई. मोबाइलवर दुसऱ्यांची चित्रं बघून ती आपला कागद उलटा टाकायची. "आज मूड नाही," म्हणायची. हा मूड कोण, कुठला, मला माहीत नाही. आमच्या चुलीजवळ तो कधी आला नव्हता. मग तिने एक युक्ती शोधली. चार वाजायला पाच मिनिटं असली की नळी उघडायची, माझ्यावर थोडा हिरवा फासायचा आणि पाण्याचे दोन थेंब टाकायचे. कागदाला हातही नाही. सासू यायची, बोट फिरवायची, "ओला हाये," म्हणून जायची.

हे पहिलं खोटं. मी गप्प राहिलो. माझाच जीव वाचत होता, मी कशाला बोलू? पण लाज वाटली. अठ्ठेचाळीस वर्षांत माझ्यावर पोळी न लाटता कुणी पीठ उडवून गेलं नव्हतं.

संक्रांत जवळ आली तशी ती पुन्हा थोडी उठली. हळदीकुंकवाला गावातल्या बायका येणार होत्या. तिने ठरवलं, माहेरची बाग काढायची आणि बैठकीत लावायची. आठ दिवस खपली. झाडं बरी आली, खरं सांगतो. माती तर काळीभोर. पण संत्र्यांना नारिंगी नव्हता. पिवळ्याची नळी होती, अगदी भरलेली. ती तिने पहिल्या दिवसापासून चांगल्या चित्रासाठी जपून ठेवली होती. आपल्या घरात नव्या कपबश्या पाहुण्यांसाठी कपाटात ठेवतात आणि रोज कान तुटलेल्या कपातून चहा पितात, तसं. आता उघडायला गेली तर आत दगड. टोपण ढिलं राहिलं होतं, पिवळा आतल्या आत वाळून गेला होता. दुकान अकोल्याला, आणि हळदीकुंकू उद्यावर. तिने नुसत्या लालात संत्री रंगवली.

दुसऱ्या दिवशी बायका आल्या. तिळगूळ झाला, वाण झालं. रागिणीची चुलतजाऊ चंदा चित्रापुढे जाऊन उभी राहिली. तिची जीभ पार्वताबाईच्या खालोखाल.

"अवं बाप्पा! रागिणी, तुह्या माहेरी टमाट्याचे एवढे मोठ्ठे झाडं होतात काय वं?"

बायका हसल्या. वाईट मनाने नाही हो, हळदीकुंकवाला बायका हसतातच. रागिणीही हसली. सगळ्यांना हळदीकुंकू लावून झालं, घर रिकामं झालं, तेव्हा तिने चित्र काढून कपाटामागे सारलं. ब्रश धुतले नाहीत. मला पुसलं नाही.

त्यानंतर तिने हिरवा फासायची युक्तीही सोडली. चार वाजता ती आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. माझ्यावरचा रंग वाळला, तडकला, पापुद्रे सुटले. मला वाटलं, झालं. एका अर्थी बरंच वाटलं. फार वर्षं झाली उभं राहून.

संक्रांतीच्या गडबडीतून मोकळी होऊन चार दिवसांनी पार्वताबाई आली. बोट फिरवलं. कोरडं. तिने मला उचललं, मागच्या अंगणात नेलं आणि सकाळच्या सरपणावर ठेवलं. वर दोन तुराट्याही ठेवल्या. मी आकाशाकडे पाहत पडलो.

ती गेली नाही. तिथेच उभी राहिली. मग तुराट्या बाजूला केल्या. माझ्या कडेवर जुनी खाच आहे, तिचा थोरला दिवस भरायच्या आधी गेला त्या वर्षी तिने लाटणं आपटलं होतं, त्याची. त्या खाचेवर तिने अंगठा ठेवला. एवढ्या वर्षांत तिने कधी ठेवला नव्हता.

मला उचलून ती देवाजवळ घेऊन गेली. नळ्या कशा उघडायच्या तिला ठाऊक नव्हतं. तिने हळदीकुंकवाच्या करंड्यातली चिमूटभर हळद माझ्यावर टाकली, पाण्यात बुडवलेलं बोट फिरवलं, मला खिडकीत नेऊन ठेवलं आणि घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"ओला हाये आज!"

हे दुसरं खोटं. आणि हे त्या बाईचं मी ऐकलेलं पहिलं.

दुसऱ्या दिवशीही तेच. "ओला हाये!" तिसऱ्या दिवशी आतली खाट कुरकुरली. रागिणी उठून आली. पदर खांद्यावरून घसरलेला, केस विस्कटलेले. तिने माझ्याकडे पाहिलं, मग वाकून वास घेतला. पिवळ्यात बोटाच्या गोल गोल रेघा होत्या, जशी सासू कणीक मळायच्या आधी परातीत बोट फिरवते तशा.

"आत्याबाई, मी तर हातही नाही लावला याले."

"मले काय मालूम? तुहा पोळपाट, तुहं तू पाय."

"ही हळद हाये."

"मंग? हळद काय रंग नसते?"

"पण बंबात टाकणार होत्या नं तुमी?"

पार्वताबाईने चहाचं आधण ठेवलं. पाठ फिरवून बोलली, कारण असलं बोलणं तिला समोरून जमत नाही.

"सागाले जाळत नसतात. धूर होते." तिने चहापत्ती टाकली. "आन् तू काय समजली, मले कयत नाही? महिनाभर हिरवा फासून राह्यली होती तू. माहा पदर पाय, एकच हिरवा. चित्र काढणाऱ्या माणसाचा पोळपाट एका रंगाचा राह्यते काय वं?"

रागिणी खाली बसली. "मले जमत नाही, आत्याबाई. चंदानं म्हटलं थे खरं हाये."

"चंदाले कायचं समजते! तिच्या पोया पाह्यल्या काय तू? नकाशे!" मग आवाज उतरला. "पयली पोई कोणाची असते?"

"गाईची."

"गाय कधी म्हणे का, वाकडी हाये, मी नाही खात? रोज पयली वाकडी येते. माही अजून येते. म्हणून मी दुसरी लाटली नाही काय? तू एकच लाटतं नि तिलेच पंगतीत वाढतं. मंग रडतं."

तेवढ्यात चहा उतू गेला. पार्वताबाईने त्याचाही दोष सुनेला दिला.

रागिणीने माझ्यावरची हळद पाहिली. मग देवाजवळचं कुंकू चिमटीत आणलं आणि हळदीत सोडलं. बोटानेच कालवलं. मित्रांनो, मला पापण्या असत्या तर मी त्या मिटल्या नसत्या. संत्र्याचा रंग! अगदी शेंदूरजनाघाटचा. कपाटामागचं चित्र निघालं. एका झाडावर चार-पाच संत्री झाली, बाकी टमाटे राहिले. हळद-कुंकवाची पूड कागदावर नीट बसत नव्हती, थोडी खाली झडली.

"आता?" पार्वताबाईने लांबूनच विचारलं.

"ही गाईची," रागिणी म्हणाली आणि कॅलेंडरचं नवं पान घेतलं.

पुढे ती मोठी चित्रकार झाली, असं ऐकायला थांबला असाल तर निराश व्हाल. बैलाचे पाय अजून टेबलासारखेच येतात. काही दुपारी ती झोपून जाते, मी कोरडाच राहतो, आणि सासू काही न बोलता जाते. पण दुसऱ्या दिवशी ती बसते. दिवसाचं पहिलं चित्र गाईचं म्हणून बाजूला टाकते, मोबाइलवर पाठवत नाही, भिंतीला लावत नाही. नवी पिवळी नळी अकोल्याहून आली, ती पहिल्याच दिवशी उघडली.

मित्रांनो, तुमच्या घरीही कपाटात एखादी भरलेली पेटी असेल, चांगल्या दिवसासाठी ठेवलेली. आज काढा आणि टोपण नीट लावत जा. काम झालं की आम्हाला धुवा, कोरड्या फडक्याने पुसा. एवढंच मागतो. माझ्यासारख्या म्हाताऱ्याला तेवढंही फार झालं.

मी थकलो आहे. विटेचा तुकडा सरकतो, मी कलतो, रंग कडेला वाहतो. पण चार वाजले की पावलं येतात. बोट फिरतं, पदराला पुसलं जातं. पार्वताबाई रोज कुरकुरते की सुनेने लुगड्याचं वाटोळं केलं, डाग धुऊन जात नाहीत. आज तो पदर मी जवळून पाहिला. त्यावर हिरवा आहे, निळा आहे, मातीचा काळा आहे, आणि टोकाला थोडा संत्र्याचा.

ट्रंकेत तिची नवी लुगडी घडी घातलेली आहेत. ती रोज हेच नेसते.