दाराजवळच्या खुर्चीचा डूख

मी एक जुनी, घडीची, लोखंडी खुर्ची आहे आणि मी काहीही विसरत नाही. मित्रांनो, तुमच्या पुस्तकांतल्या छत्र्या, घड्याळं, फाटक्या वह्या आपापली कहाणी सांगतात आणि शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मी एका माणसावर चोवीस वर्षं डूख धरून होते. त्यानं काय केलं आणि मी त्याचं उट्टं कसं काढलं, तेवढं सांगते.

माझा जन्म वेल्डिंगच्या कारखान्यात झाला. आम्ही चाळीस बहिणी एकाच दिवशी तयार झालो. मला जोडणाऱ्या वेल्डरची सकाळीच बायकोशी खडाजंगी झाली होती. त्या तिरमिरीत त्यानं माझा मागचा डावा पाय बोटभर आखूड कापला. तरी राखाडी रंग फासून, पाठीवर एकतीस नंबर घालून मला विद्यापीठाच्या परीक्षा हॉलमध्ये धाडलं. पहिल्याच पेपरला माझ्यावर बसलेला मुलगा आठवायला मागं रेलला की टक्, लिहायला वाकला की टक्. आजूबाजूचे वैतागले. शिपायानं मला जिन्याखाली भिरकावलं. कामाला लागते न लागते तोच मी बाद झाले.

तिथून मला उचललं ताईनं. ताई वनस्पतिशास्त्रात संशोधन करायची. अंगानं एवढीशी, पण आवाज असा की खालच्या मजल्यावरचा शिपाई दचकावा. प्रयोगशाळेच्या वरच्या लांबट खोलीत दर शुक्रवारी पाच वाजता ख्रिस्ती विद्यार्थ्यांचं मंडळ जमायचं, ते तिनंच सुरू केलेलं. दहा-बारा जण यायचे. बायबलमधला एक उतारा वाचायचे, त्यावर तावातावानं वाद घालायचे, गाणी म्हणायचे, एकमेकांसाठी प्रार्थना करायचे. मग चहा-पाव खाऊन एकमेकांचा राहिलेला अभ्यास पुरा करत बसायचे.

सगळे बसायचे चटईवर. खुर्ची एकच, दाराजवळ, आणि तिच्यावर मंडळातल्या कुणीही टेकायचं नाही हा ताईचा कायदा. गुडघा सुजला असला तरी नाही. ती जागा नव्यानं येणाऱ्याची. नवा माणूस बुजलेला असतो, त्याला दाराजवळ बसू द्यावं, नाही पटलं तर गुपचूप उठून जाता यावं, असं तिचं म्हणणं. बहुतेक जण जायचे नाहीत. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या शुक्रवारी आपसूक चटईवर सरकायचे आणि मी पुढच्यासाठी रिकामी व्हायचे. ताईनं माझ्या आखूड पायाखाली रबराचा तुकडा बसवला. तेव्हापासून माझी टकटक थांबली.

किती जण बसून गेले म्हणून सांगू! घरच्या आठवणीनं नाक ओढणारे, दोनदा नापास झालेले, लाजेपोटी दोन दिवस जेवण न मागितलेले. उपाशी माणसाचं वजन मला बरोबर कळतं. एका मुलीला कावीळ झाली, तेव्हा मंडळातल्या मुली आळीपाळीनं तिच्या उशाशी बसल्या आणि अभ्यासाच्या पुस्तकातलं वाचून दाखवत राहिल्या. ती पास झाली, पुढं शिक्षिका झाली, आणि एकदा नवऱ्याला घेऊन मुद्दाम आली. माझ्या पाठीवर हात ठेवून त्याला म्हणाली की मी इथं बसले होते, नाहीतर कधीच घरी परत गेले असते. मला फार बरं वाटलं.

आणि मग तो आला. त्याला सगळे टायवाला म्हणायचे, कारण भर उन्हाळ्यातही त्याच्या गळ्यातला टाय सुटायचा नाही. कायद्याचा विद्यार्थी, बोलायला गोड, चेहरा असा साळसूद की बघतच राहावं. पहिल्या शुक्रवारी माझ्यावर बसला. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्याही. सहा शुक्रवार मेला माझ्यावरच बसला, चटईला त्यानं पायसुद्धा लावला नाही. ताईला वाटलं, पोरगा लाजाळू आहे. या लोकांची हीच खोड. कुणी लांब राहिला तर त्याला आणखी एक कप चहा देतील, पण का रे बाबा लांब, असं विचारणार नाहीत. त्याला अर्थशास्त्र जमत नव्हतं, ते मंडळातल्या एकानं त्याला शिकवलं. ताप आला, तर ताईनं आठवडाभर त्याच्या खोलीवर डबा पोचवला.

त्याच आठवड्यात त्यानं विद्यापीठाच्या कचेरीत अर्ज दिला. प्रयोगशाळेत रसायनांचा साठा आहे आणि त्याच्या डोक्यावर हे लोक दर शुक्रवारी मेणबत्त्या पेटवतात, असं लिहिलं. मेणबत्त्या लागल्या होत्या एकदाच, वीज गेली तेव्हा, चहा संपेपर्यंत. पण त्याला ती खोली हवी होती, आपल्या वादविवाद मंडळासाठी. खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते हेच. आठ दिवसांत खोली गेली. ताईनं तीनदा अर्ज केला, साहेबांच्या दारात तासन्‌तास उभी राहिली. कुणी दाद दिली नाही. चटई आणि किटली तिची, ती घेऊन गेली. माझ्या पाठीवर नंबर असल्यामुळं मी विद्यापीठाची, म्हणून मी तिथंच राहिले, त्याच्या ताब्यात.

दोन वर्षं तो बुटांसकट माझ्यावर चढून फलक लावायचा. एकदा मला घडी घालताना त्याचं बोट बिजागरीत आलं. आलं कसलं, मी धरलं. नख काळंनिळं होईपर्यंत सोडलं नाही. त्यानं मला तळघरात फेकलं. तिथं मी तेरा वर्षं गंजत पडले आणि रोज दातओठ खाल्ले. खुर्चीला दात नसतात हे मला माहीत आहे, मित्रांनो. तुम्ही तेरा वर्षं तळघरात राहा, मग बोला.

पुढं एकदा मोडक्या सामानाची यादी करायला कर्मचारी उतरले, त्यांच्याबरोबर ताई होती. आता ती तिथंच शिकवत होती, डोळ्यांवर चष्मा आला होता. तिनं माझा नंबर पाहिला आणि यादीवरून माझं नाव खोडून मला काखेत मारलं. मंडळ आता सायकली ठेवायच्या जुन्या खोलीत भरत होतं. मला खरवडून, रंगवून दाराजवळ ठेवलं. नऊ वर्षं मी पुन्हा इमानदारीनं काम केलं. पण बिजागरीचा बोल्ट आतून झिजत होता आणि मी मनाशी म्हणत होते, झिजू दे. तो कधीतरी येईल. येणार आहे असं मला कुणी सांगितलं नव्हतं, पण डूख धरणाऱ्याला तारीख लागत नाही.

गेल्या वर्षी सत्राच्या पहिल्या शुक्रवारी ताईनं मला उघडलं आणि बोल्टाचा नट जमिनीवर पडला. तिनं तो उचलून पर्समध्ये टाकला आणि पाना आणायला निघाली. तेवढ्यात दार उघडलं. टक्कल पडलं होतं, टाय नव्हता, पण चाल तीच. सोबत अठरा वर्षांची मुलगी, रडून डोळे सुजलेली. तो म्हणाला की ही माझी लेक, आजच वसतिगृहात सोडली, इथं हिचं कुणीच नाही. ही म्हणते, बाबा, उद्याच्या गाडीनं मी तुमच्याबरोबर परत येणार. मी म्हटलं, एक जागा बघ आणि मग ठरव.

पाना आणायला निघालेली ताई जागीच थांबली. मुलीनं रिकामी खुर्ची पाहिली आणि येऊन माझ्यावर बसली.

खोटं कशाला बोलू? क्षणभर माझ्या तोंडाला पाणी सुटलं. बोल्टाला नट नाही. मी नुसती सैल पडले असते तर पोरगी आपटली असती, रडत निघून गेली असती, आणि बापाच्या काळजाला कायमचं भोक पडलं असतं. याहून चांगला सूड शोधून सापडला नसता. पण ती नवी होती, आणि नव्याला बसवणं हे माझं काम. कामात मी कधी कुचराई केलेली नाही. मी आहे नाही तेवढ्या गंजाच्या जोरावर बोल्ट धरून ठेवला. तेवढ्यात मागून दोन हात आले. ताई माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली, पाठ घट्ट धरली, एक पाय माझ्या पायावर रोवला. पूर्ण तासभर ती तशीच उभी होती. वाचन तिनं उभ्यानं ऐकलं, प्रार्थना उभ्यानं केली. पोरं एकमेकांकडं बघत होती. आणि तो भिंतीशी उभा होता, बस म्हणायची वाट बघत.

सभा संपली. मंडळातल्या मुली त्याच्या लेकीला चहा द्यायला घेऊन गेल्या. मी रिकामी झाले. ताई हसून त्याला म्हणाली, "बस ना. किती वेळ उभा राहशील?"

आणि तिनं माझ्यावरचे हात काढले.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली असं कुणी म्हणेल. मुळीच नाही. तो टेकला आणि मी सोडलं. चोवीस वर्षांचं सगळं एका क्षणात सोडलं. बोल्ट उडाला, मी दुमडले आणि साहेब चटईवर असे उताणे पडले की पाय आढ्याकडं. मग खो खो हसण्याचा आवाज आला. त्याची लेक हसत होती, हातातला चहा सांडेपर्यंत.

तो उठला नाही. कुणी हात दिला तर नको म्हणाला. चटईवर बसूनच बोलला, "ताई, मी 'दर शुक्रवारी' लिहिलं होतं. मेणबत्त्या एकदाच लागल्या होत्या, मला माहीत होतं. तुमचा डबा खाऊन झाला आणि मग लिहिलं. मी शिकलो तो तुमच्या सगळ्यांमुळं. आभार मानायला यायचं तर तोंड नव्हतं. आज लेकीसाठी यावं लागलं."

ताई त्याच्या समोर चटईवर बसली. पर्स उघडली आणि नट काढून त्याच्या हातावर ठेवला.

"हा माझ्याकडं होता," ती म्हणाली. "मला माहीत होतं तू पडणार. तरी बस म्हणाले. तेवीस-चोवीस वर्षं तोंडानं माफ केलं म्हणत होते, आज कळलं केलं नव्हतं. तू मला माफ कर."

मी दुमडून पडले होते, पण ऐकलं सगळं. मला वाटत होतं हा डूख माझ्या एकटीचा आहे.

त्यानं पाना मागितला आणि स्वतः माझा नट आवळला. वकील माणूस, तिरकाच बसवला. दुसऱ्या दिवशी तो एकटाच परत गेला. पुढच्या शुक्रवारी त्याची लेक आली, माझ्याकडं संशयानं पाहिलं आणि सरळ चटईवर जाऊन बसली.

मित्रांनो, खुर्च्यांचे नट वेळच्या वेळी आवळत जा. मनातली अढी तर त्याहून आधी बघा, ती कुणाला पाडेल सांगता येत नाही. ताईनं त्याला माफ केलं आणि त्यानं ताईला. मी अजून विचार करते आहे, मला घाई नाही. पण मला दाराजवळच राहू द्या. कुणीही नवं येऊ दे, मी त्याला बसवून घेईन. त्याचा बाप कोण, हे मी विचारणार नाही.