उद्घाटनाआधीचा पेशंट

आमच्या नागपुरातल्या दवाखान्याचे मालक डॉ. दुर्गेश एका परिषदेहून परतले ते नव्या संशोधनाने भारावूनच. उष्माघाताच्या पेशंटला ओल्या पट्ट्या लावत, रिपोर्टांची वाट बघत बसू नका. आधी बर्फाच्या पाण्यात बुडवा, बाकी सगळं नंतर. पहिल्या अर्ध्या तासात अंग थंड झालं तर माणूस वाचायची आशा खूप वाढते. मी कॅज्युअल्टीची डॉक्टर. मला हे इतकं पटलं, की मालकांबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला. तो उद्घाटनाच्या दिवसापर्यंत टिकला.

टब आला, बर्फ आला आणि टबावर लाल फीत बांधली गेली. मे महिन्यातल्या भर दुपारी आम्ही सगळे एका नेत्याची वाट बघत उभे! तेवढ्यात कुहीहून चंपतरावांना आणलं. पोराच्या वरातीत जोधपुरी कोट घालून बँडपुढे उन्हात नाचले होते. अंग तव्यासारखं तापलेलं, बडबड चाललेली.

"टबात घ्या!" मी ओरडले.

"साहेब सदर चौकापर्यंत आलेत," मालक म्हणाले. "तोवर ओल्या पट्ट्या ठेवा."

म्हणजे विमानाने परिषदेला जाऊन जे सोडायला शिकले, तेच.

"काहून थांबून राहिले जी?" चंपतरावांच्या बायकोने, पार्वतीबाईंनी विचारलं.

"बाई, उद्घाटन व्हायचंय," मालक म्हणाले.

"मंग ताप साहेबाले आला का?"

माझं डोकंच फिरलं. नोकरी गेली खड्ड्यात! मी, नर्स मेघा आणि पार्वतीबाईंनी मिळून चंपतरावांना उचललं. मालक आडवे आले, पण त्यांची सगळी काळजी फितीची. मग आम्ही पेशंटला फितीखालून आत सरकवलं. फीत शाबूत राहिली, मालक बाजूला झाले.

ताप उतरायला लागला आणि साहेब आले.

"याला काढा बाहेर," मालक माझ्या कानाशी कुजबुजले.

"ताप आहे अजून," मी मोठ्याने म्हटलं.

साहेब मुरलेले. "राहू द्या, फोटो चांगला येईल." त्यांनी चंपतरावांच्या छातीवरची फीत कापली, नारळ फोडला, वर झेंडूच्या पाकळ्या टाकल्या. सगळ्या स्टाफने साहेबांना हात जोडले.

नेमके तेव्हाच चंपतराव शुद्धीवर आले. अंगावर फुलं, भोवती हात जोडून उभी असलेली माणसं. ते बिचारे घाबरले.

"मेलो का वं मी?"

"नाही जी," पार्वतीबाई मालकांकडे बघत म्हणाल्या. "यायनं कोशिश मात्र केली होती."